कुठली गाय चांगली? – उष्ण प्रदेशातल्या गुरांचा संकर आणि ‘गुण’ नावाचा प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण ‘गुण’ या कल्पनेविषयी बोललो. वैशेषिक दर्शनात गुण द्रव्यात राहतो, म्हणजे फुलाचा रंग फुलात आणि मधाची गोडी मधात. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, हे सगळं ठीक आहे. पण आम्ही शेतकरी माणसं. आम्हाला एवढंच सांगा, कुठली गाय चांगली?” सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नावरच आहे.

आम्ही पशुवैद्य नाही. सगळी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. पण या विषयाशी आमचा एक घरगुती संबंध आहे. आमचं आजोळ सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, म्हणजे खिल्लार बैलांचा आणि कायम दुष्काळाचा मुलूख. ७२ च्या दुष्काळातून सावरल्यावर मामांनी एक संकरित कालवड आणली. आई देशी, बाप जर्सी. गावात तिला सगळे ‘जर्शी’च म्हणत. ती वेळेवर गाभण राहिली, दूध भरपूर दिलं, उन्हाळाही काढला. मामा हरखून गेले. पुढे तिला पुन्हा विदेशी वळूचंच रेत भरलं आणि तिची कालवड झाली. दिसायला आईपेक्षा देखणी! पण चैत्र लागला की तिला धाप लागायची, तोंडातून लाळ गळायची, अंगावर गोचीड माजायचे. तीनतीनदा रेत भरूनही गाभण राहीना. तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं, “तुमची निगा कमी पडते.” मामांनी ते मनावर घेतलं. शेवटपर्यंत ते म्हणत राहिले, “जनावर चांगलं होतं, आम्हीच नालायक ठरलो.”

हा निकाल बरोबर होता का, ते आज तपासायचं आहे. त्यासाठी आपल्याला बरंच लांब, ऑस्ट्रेलियात जावं लागेल. कारण या प्रश्नाची फार काटेकोर तपासणी तिथे झाली. ती झाली मांसासाठी पाळलेल्या गुरांवर. आपल्याकडे त्या व्यवसायाचे धार्मिक आणि कायदेशीर प्रश्न वेगळे आहेत. त्यात आज आपण शिरणार नाही. उष्ण हवामानात जनावराची वाढ कशाने होते आणि कशाने खुंटते, एवढाच आपला विषय आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड हे राज्य आहे. त्यातलं रॉकहॅम्प्टन हे शहर जवळजवळ मकरवृत्तावरच वसलेलं आहे. या मुलखात युरोपीय वसाहतवाल्यांनी गुरं नेली ती अर्थातच ब्रिटनची, शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड. अंगाने भरलेली, लवकर वजन धरणारी. ओल्या, थंड, हिरव्यागार कुरणांवर शतकानुशतकं निवडलेली. आणि इथे काय? कडक ऊन, पावसाळ्यात चार महिने गवत आणि उरलेलं वर्षभर वाळलेल्या काड्या. त्यात १८७२ मध्ये इंडोनेशियाच्या बाजूने डार्विन बंदरात उतरलेल्या गुरांबरोबर गोचीड आले. १८९० च्या दशकात ते क्वीन्सलँडभर पसरले. गोचीड नुसतं रक्त पीत नाहीत. त्यांच्यामार्फत गोचीड ताप येतो, जनावराची लघवी लाल होते आणि ते दगावतं. ब्रिटिश गुरांना या रोगाची ओळखच नव्हती. ती पटापट मेली.

आता याच गोचिडाचं मूळ कुठलं? आशियातलं. आणि आशियात त्याच्याबरोबर हजारो वर्षं राहिलेली गुरं कुठली? आपली, वशिंडवाली. जगातल्या पाळीव गुरांचे दोन मोठे वंश आहेत. एक बिनवशिंडाचा युरोपीय, शास्त्रीय नाव बॉस टॉरस. दुसरा वशिंडाचा भारतीय, बॉस इंडिकस. दोघांचे रानटी पूर्वज माणसाने त्यांना माणसाळवण्याच्या लाखो वर्षं आधीच वेगळे झालेले होते. दोन्ही वंश वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळले, आणि आपला वंश सिंधूच्या पश्चिमेकडच्या मेहेरगढ परिसरात. एवढा दुरावा असूनही त्यांचा संकर होतो आणि संकरित प्रजा वांझ निघत नाही, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भारतीय गुरं ऑस्ट्रेलियात पोचली ती अमेरिकेच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या दक्षिण भागात थोडी थोडी भारतीय गुरं गेली. पुढे काही थेट भारतातून आणि काही ब्राझीलमार्गे टेक्सासात उतरली. त्यात गुजरातची गीर आणि कांकरेज होती, आंध्रची ओंगोल होती, आणि आपल्या सांगली-मिरजेकडच्या कृष्णाकाठच्या जातीचाही अंश होता, असं सांगतात. या सगळ्यांच्या मिश्रणातून तिथे एक नवी जात उभी राहिली. १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली आणि जातीचं नाव ठरलं ‘ब्राह्मण’! आपल्याकडे हे ऐकून लोक गोंधळतात, पण अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ ‘भारतातून आलेलं, वशिंडवालं गुरू’ एवढाच. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने काही पशुपालकांच्या साथीने अशी मोजकी गुरं क्वीन्सलँडमध्ये आणली. स्थानिक पशुपालकांतल्या अनेकांनी नाकं मुरडली. वशिंड, लोंबते कान, गळ्याखालची पोळी, हे त्यांच्या ‘चांगल्या जनावरा’च्या चित्रात बसत नव्हतं.

इथे आपण थांबून एक गोष्ट बघू. त्या लोकांना जनावरातलं कळत नव्हतं असं नाही. उलट फार कळत होतं! पण ते कळणं इंग्लंड-स्कॉटलंडच्या कुरणावर तयार झालेलं होतं. रुंद पाठ आणि भरलेल्या मांड्या म्हणजे चांगलं जनावर, ही खूण तिथे खरी होती. जागा बदलली तशी ती खूण खोटी पडली.

१९५० च्या दशकात रॉकहॅम्प्टनजवळच्या बेलमाँट या संशोधन केंद्रावर पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. एका बाजूला हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न यांचा आपसांतला संकर, म्हणजे पूर्ण ब्रिटिश रक्त. दुसऱ्या बाजूला त्या ब्रिटिश गाईंचा ब्राह्मण जातीशी संकर आणि दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकँडर जातीशी संकर. सगळी एकाच मुलखातल्या कुरणांवर. मग मोजमाप सुरू झालं. वजन तर मोजलंच, पण अंगावरचे गोचीड मोजले, पोटातल्या जंतांचा अंदाज घेतला, उन्हात शरीराचं तापमान किती चढतं ते पाहिलं. केसांनाही गुण दिले! टर्नर आणि श्लेगर या संशोधकांनी १९६० मध्ये दाखवलं की आखूड, चकचकीत, अंगाला चिकटून बसलेल्या केसांची जनावरं दाट लोकरी केसांच्या जनावरांपेक्षा जास्त वाढतात.

पुढच्या काळात फ्रिश आणि व्हर्को या दोघांनी या कामाचा जो अर्थ लावला, तो आम्हाला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार मोलाचा वाटतो. त्यांनी विचारलं, जनावराची वाढ ही एकच गोष्ट आहे का? आणि उत्तर दिलं, नाही. प्रत्यक्ष दिसणारी वाढ ही एक वजाबाकी असते. काहीच त्रास नसताना जनावर किती वाढेल, ती त्याची कुवत. गोचीड, जंत, ऊन, रोग आणि निकृष्ट चारा यांनी त्यातून जे ओरबाडून नेलं, ती तूट. कुवतीतून तूट वजा केली की उरते ती वाढ.

नोकरदाराच्या पगारासारखं आहे हे. पगार किती, हा एक प्रश्न. भाडं, हप्ते, औषधपाणी जाऊन हातात काय पडतं, हा दुसरा. घर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर चालतं.

समजण्यापुरता हिशेब मांडू. हे आकडे फळ्यावरच्या उदाहरणाचे आहेत, प्रयोगातले नव्हेत. ब्रिटिश जनावराची कुवत १०० धरा. उष्ण मुलखात त्यातले ६५ गोचीड, ऊन, जंत आणि वाळला चारा यांच्यात जातात. उरले ३५. ब्राह्मण जनावराची कुवत ७५, पण त्याचे २०च जातात. उरले ५५. दोघांच्या पहिल्या संकराची कुवत ९० आणि तूट ३०. उरले ६०. आता हीच तिन्ही जनावरं गोठ्यात बांधा, गोचीड-जंत औषधाने पूर्ण काढा, सावली द्या, उत्तम खुराक द्या. तूट शून्य. मग क्रम काय? ब्रिटिश १००, संकर ९०, ब्राह्मण ७५. जनावरं तीच, क्रम वेगळा!

आकडे आमचे असले तरी चित्र खरं आहे. त्रास काढून टाकला की ब्रिटिश रक्त पुढे जातं आणि त्रास वाढला की भारतीय रक्त पुढे जातं, हे त्या दोघांनी मोजून दाखवलं.

भारतीय वंशाची तूट कमी का, हेही आता बरंच कळलं आहे. गोचिडाची शंभर पिल्लं अंगावर चढली तर ब्राह्मण जनावराची कातडी आणि रक्तातली प्रतिकारशक्ती त्यातली एखाददुसरीच पूर्ण वाढू देते. ब्रिटिश जनावरावर दहा किंवा त्याहून जास्त वाढतात. प्रत्येक मादी हजारो अंडी घालते, तेव्हा एका हंगामात हा फरक केवढा होत असेल! दुसरं, आपल्या गुरांचं शरीर मुळात उष्णता कमी निर्माण करतं आणि घामावाटे बाहेर चांगली टाकतं. तापमान चढलं की ब्रिटिश जनावराची भूक मरते आणि ते सावलीत उभं राहतं. ब्राह्मण चरत राहतं. तिसरं, नुसतं जिवंत राहायला लागणारा चारा त्याला कमी पुरतो. चारा निकृष्ट झाला की त्याचं वजन कमी घटतं.

पण या तिसऱ्या मुद्द्याची दुसरी बाजू बघा. जे शरीर मोठं इंजिन बाळगतं ते भरपूर खातं, भरपूर वाढतं, पण बसल्या जागीही भरपूर खर्च करतं. जे शरीर काटकसरीचं, ते सुकाळातही फार उसळी मारत नाही. म्हणजे कुवत जास्त असणं आणि तूट जास्त असणं या काही अंशी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. दुष्काळात तारणारी काटकसरच सुकाळात आड येते. एखाद्या जनावराचा ‘दोष’ काढून फक्त ‘गुण’ ठेवता येईल, अशी आशा धरताना हे ध्यानात असावं.

मग सगळ्यांनी शुद्ध ब्राह्मणच का पाळू नये? कारण त्यालाही मर्यादा आहेत. त्याच्या कालवडी उशिरा माजावर येतात, गाभण राहण्याचं प्रमाण कमी पडतं, आणि त्याचं मांस तुलनेने चिवट असतं, बाजारात भाव कमी येतो. म्हणून संकर. आणि संकरात आणखी एक लाभ मिळतो, तो म्हणजे संकराचा जोम. दोन दूरच्या वंशांची पहिली संकरित प्रजा आईबापांच्या सरासरीपेक्षा वरचढ निघते. विशेषतः जगण्या-वाचण्यात आणि प्रजननात.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण मामांची दुसरी कालवड इथे सापडणार आहे.

प्रत्येक जनावरात आनुवंशिक घटकांच्या जोड्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पहिल्या संकरात प्रत्येक जोडीत एक युरोपीय आणि एक भारतीय. सगळ्या जोड्या मिश्र, म्हणून जोम पूर्ण. आता हे संकरित नर-मादी आपसांत लावले तर? प्रत्येक जण आपल्या जोडीतला कुठलाही एक घटक देणार. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. सरासरी एक चतुर्थांश जोड्या दोन्हीकडून युरोपीय, एक चतुर्थांश दोन्हीकडून भारतीय आणि फक्त निम्म्या मिश्र. म्हणजे जोम निम्मा. बेलमाँटला हेच दिसलं. ब्राह्मण संकराच्या पहिल्या पिढीतल्या गाई उत्तम गाभण राहिल्या, पुढच्या पिढीत ते प्रमाण लक्षणीय घसरलं. निगा तीच, कुरण तेच, माणसं तीच!

मामांच्या बाबतीत काय झालं? पहिली गाय निम्मी-निम्मी होती. तिला पुन्हा जर्सीचं रेत भरलं. दुसऱ्या कालवडीत विदेशी रक्त तीन चतुर्थांश झालं. मिश्र जोड्या निम्म्या राहिल्या आणि उरलेल्या निम्म्या पूर्ण विदेशी झाल्या. जोम निम्मा गेला, आणि ऊन-गोचिडांपासून वाचवणारं देशी रक्तही निम्म्यावरून पावावर आलं. तिची कुवत कदाचित आईपेक्षा जास्त होती. पण माणच्या चैत्रात तिची तूट कितीतरी जास्त होती. आईला पुरलेली निगा तिला पुरणं शक्यच नव्हतं. मामांची निगा कमी झालेली नव्हती. जनावराची गरज वाढली होती, आणि ती वाढणार आहे हे रेत भरताना त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्रात पुढे हे शहाणपण आलं. विदेशी रक्त साधारण निम्म्याच्या आसपास ठेवावं, असा सल्ला आपल्याकडे दिला जातो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर अशा तिघांची ‘फुले त्रिवेणी’ केली, त्यातही कुणाचा वाटा किती हे ठरवलेलं आहे. पण गोठ्यात प्रत्यक्ष काय भरलं जातं आणि त्याची नोंद कोण ठेवतं, हा प्रश्न अजूनही प्रत्येक शेतकऱ्याने विचारावा असाच आहे.

मग जोम टिकवायचा कसा? मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला, दोन्ही शुद्ध जाती सांभाळायच्या आणि दरवेळी नव्याने पहिलाच संकर करायचा. फळ उत्तम, पण शुद्ध कळप कायम ठेवायचा खर्च मोठा. दुसरा, फेरपालट. एका पिढीला या जातीचा वळू, पुढच्या पिढीला त्या जातीचा. काही पिढ्यांनी दोन जातींच्या फेरपालटीत जोम दोन तृतीयांशावर स्थिरावतो, तीन जातींच्या फेरपालटीत सात भागांतले सहा टिकतात. पण कुठल्या गाईला कुठला वळू, याची नोंद चोख हवी. तिसरा, ठरावीक प्रमाणात मिश्रण करून नवी जातच उभी करायची आणि मग तिच्यातच पैदास ठेवायची. टेक्सासच्या किंग रँचवर तीन अष्टमांश ब्राह्मण आणि पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न अशी सांता गर्ट्रूडिस जात घडली. बेलमाँटला आफ्रिकँडर आणि ब्रिटिश रक्तातून ‘बेलमाँट रेड’ घडली. अशा जातीत जोम साधारण निम्माच उरतो, पण तो पुढे टिकतो, आणि एकाच कळपावर भागतं. त्याच्या जोडीला प्रत्येक पिढीत निवड करायची. गोचीड कमी धरणारी, वेळेवर विणारी, शांत स्वभावाची जनावरं ठेवायची, बाकीची काढायची. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक कळपांत कमीजास्त भारतीय रक्त आहे. नाकं मुरडण्याचे दिवस केव्हाच सरले.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. कुठली गाय चांगली?

मागच्या वेळी आम्ही सांगितलं होतं की गुण द्रव्यात राहतो. पण वैशेषिकांनीच गुणांच्या यादीत ‘संयोग’ही धरला आहे, आणि संयोग एका द्रव्यात राहत नाही. तो दोघांत मिळून राहतो. पुस्तक आणि टेबल यांचा संयोग ना नुसत्या पुस्तकात, ना नुसत्या टेबलात. आमच्या मते जनावराचं ‘चांगलेपण’ या जातीचं आहे. ते गाईत नाही आणि मुलखातही नाही, दोघांच्या मिळून असण्यात आहे. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना हे पटायला कित्येक दशकं आणि असंख्य मेलेली गुरं लागली.

म्हणून प्रश्न थोडा मोडून विचारा. आमच्या उन्हात, आमच्या चाऱ्यावर, आमच्या गोचिडांत हिची तूट किती? ती भरून काढायला औषधं, सावली, पाणी, खुराक यांचा जो खर्च येईल तो आम्हाला दरवर्षी, दुष्काळातही, झेपेल का? आणि ही गाय तर चांगली दिसते, पण हिच्या कालवडीला कुठला वळू? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. बाजारात दिसते ती एक पिढी. शेतकऱ्याला मात्र सगळ्या पिढ्या सांभाळायच्या असतात.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हा हिशेब त्यांना समजावून सांगायचं आमच्याकडून राहून गेलं, कारण तेव्हा आम्हालाही तो येत नव्हता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा एखादा मामा अजून स्वतःला दोष देत बसला असेल, तर त्याला हा पगाराचा आणि तुटीचा हिशेब जरूर सांगा. त्याला तो आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आज इथेच थांबू.